कोयत्याचा अर्धा हिशेब

गळीत हंगामात सोनईच्या मुळा सहकारी कारखान्यासारख्या साखर कारखान्यांभोवती ऊसतोड मजुरांच्या कोपी पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. खाडा झाला की दंड उचलीत चढतो. म्हणून पाळीतही बाई मोळ्या वाहते. फडके धुण्यास पाणी नाही, वाळविण्यास आडोसा नाही. २०१९ साली बीड जिल्ह्यातील पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. २०१८ च्या अस्मिता योजनेने शाळकरी मुलींना ५ रुपयांत ८ पॅड आणि गावातील स्त्रियांना बचत गटांमार्फत सवलतीत पॅड देऊ केले. पण कोपीतली बाई त्या गावची नसतेच! पॅड तिला कोपीवरच फुकट मिळाले पाहिजेत. सोबत पाणी, न्हाणी आणि दंडाविना सुटी. बारदानाचा खर्च साखरेच्या उत्पादनखर्चात धरतात, मग हा का धरू नये?