गाईड बाजूला ठेवून
(विद्यार्थी सत्कार समारंभातील भाषण)



गुणवंतांचा सत्कार झाला, वह्या वाटून झाल्या. दोन शब्द बोलावेत असे संस्थेने सुचविले तेव्हा अकरावी-बारावीच्या इंग्रजीचा विषय आम्ही मागून घेतला. सत्काराच्या यादीत जी मुले नाहीत, त्यांच्यापैकी किती जणांची गाडी इंग्रजीच्या पेपरवर अडली हे आपल्या प्रत्येक गल्लीला ठाऊक आहे. त्यांना आज कोणी स्टेजवर बोलावणार नाही.

आमच्या वेळी अकरावीला मॅट्रिक होती आणि पुढे प्री-डिग्री. 1975 साली दहावीची पहिली परीक्षा झाली आणि अकरावी-बारावी आली. सीमेपलीकडचे निपाणीचे पाहुणे तिला पी.यू.सी. म्हणतात. नाव काही असो, मराठी माध्यमातून आलेले पोर एकदम धडे, कविता आणि नाटकाचे उतारे असलेल्या जाड पुस्तकासमोर बसते. मग ते काय करते? युवकभारती आणते, तिला कव्हर घालते आणि वाचते मात्र गाईड. हल्ली तर उत्तरे मोबाईलवरच येतात. आम्हीही गाईडवरच पास झालो, तेव्हा मुलांना दोष कोणत्या तोंडाने द्यायचा?

पण एक प्रसंग सांगतो. विहारात अभ्यासाला बसणाऱ्या एका मुलाला आम्ही 'उपगुप्त' ही कविता विचारली. रवींद्रनाथ टागोरांची ही कविता 2019 साली आलेल्या अकरावीच्या युवकभारतीत आहे. मुलाने अलंकार धडाधड सांगितले. "उपगुप्त कोण रे?" म्हटल्यावर गप्प झाला. थोड्या वेळाने म्हणाला, "राजा असंल की, सर." ज्याच्या घरी रोज त्रिसरण-पंचशील होते, त्या मुलाने पाठ केलेल्या कवितेतला भिक्खू ओळखला नव्हता!

मग पुस्तक उघडले आणि दोघांनी ओळीवर बोट ठेवून वाचले. मथुरेच्या तटाशी धुळीत झोपलेला तरुण भिक्खू. नटूनथटून निघालेली नर्तकी त्याला घरी बोलावते, तो म्हणतो वेळ आली की येईन. पुढे तिच्या अंगावर रोगाचे फोड उठतात, लोक तिला नगराबाहेर टाकतात, आणि तेव्हा हा जातो. तिचे डोके मांडीवर घेतो, ओठांना पाणी लावतो. तासभर लागला. शब्दकोश वीस वेळा तरी उघडला असेल. शेवटी मुलाने विचारले, "गावाबाहेर काढली तिला?" तेवढे मात्र त्याला कोणी समजावून द्यावे लागले नाही.

त्याच पुस्तकात बाबासाहेबांच्या घटना समितीतील भाषणावरचा 'पिलर्स ऑफ डेमॉक्रसी' हा धडा आहे. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही एकमेकांपासून तोडता येत नाहीत, असे ते तिथे सांगतात. ही तत्त्वे कोठून आली असे विचारा, बहुतेक मुले फ्रेंच राज्यक्रांती म्हणून मोकळी होतात. 1954 साली आकाशवाणीवर बाबासाहेबांनी स्पष्ट सांगितले होते की ही आपण फ्रेंच क्रांतीकडून घेतलेली नाहीत, आपले गुरू बुद्ध यांच्या शिकवणीतून घेतली आहेत. हे ज्या मुलाला ठाऊक आहे तो त्या धड्याचे उत्तर वेगळे लिहील. इब्सेनच्या 'अॅन एनिमी ऑफ द पीपल' या नाटकाचा उताराही त्यात आहे. गावाच्या स्नानगृहांचे पाणी दूषित आहे असे डॉक्टर सांगतो आणि गाव त्यालाच शत्रू ठरवते. नॉर्वेतली गोष्ट खरी. पण पंचगंगेकाठी राहणाऱ्या आणि महाडचे तळे ठाऊक असलेल्या मुलाला ती परकी का वाटावी? बारावीत 'टू सर, विथ लव्ह' आहे. त्यातला काळा इंजिनियर युद्धात ब्रिटिश हवाई दलात राहिलेला, पण रंगामुळे त्याला लंडनमध्ये नोकरी मिळत नाही, म्हणून तो मास्तर होतो. नोकरीचा अर्ज घेऊन फिरलेल्या आपल्या पोरांना यात शिकवायचे ते काय राहिले!

काही पालक म्हणतात, साहित्य वाचून पोट भरत नाही, त्यापेक्षा स्पोकन इंग्लिशचा क्लास बरा. क्लास जरूर लावा, आमची ना नाही. मात्र तिथे चार वाक्ये बोलायला येतात. कचेरीचा आदेश, कोर्टाचा निकाल, मोठा लेख शेवटपर्यंत वाचण्याचा दम धडे वाचूनच येतो. शाळेत बाबासाहेबांना संस्कृत नाकारले गेले, म्हणून त्यांनी फारसी घेतली. इंग्रजी त्यांच्या हाती लागली. आपण घरोघरी मराठीत वाचतो तो 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ त्यांनी मुळात इंग्रजीत लिहिला. 1957 साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर तो छापून आला. आपल्यापैकी किती जणांनी तो मुळातून वाचला आहे? आम्ही स्वतः साठीनंतर हातात घेतला, हे सांगायला लाज वाटते.

1908 साली शाहू महाराजांनी याच कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह काढले, कारण शिकायला आलेल्या मुलाला शहरात डोके टेकायला जागा नव्हती. आज बहुतेकांना जागा आहे, दिवा आहे, पुस्तकही आहे. शेजारी बसून वाचणारे कोणी नाही. आई-वडील सकाळीच कामाला जातात, त्यांचा दोष नाही.

म्हणून रविवारी वंदनेनंतर विहाराच्या मागच्या खोलीत बसायचे ठरले आहे. येताना युवकभारती आणावी, जुनी फाटकी चालेल. शब्दकोश दोन आहेत, तेवढे पुरतील. प्रत्येकाने एक परिच्छेद मोठ्याने वाचायचा, उच्चार चुकला तर कोणी हसायचे नाही. आम्हीही वाचणार आहोत आणि आमचेच उच्चार सर्वांत वाईट आहेत. मुलींनी मागे बसू नये. गाईड चपलांपाशी ठेवावे, जाताना घेऊन जावे. पहिल्या रविवारी 'उपगुप्त' घेऊ.

जयभीम.