नमुना आधी, औषध नंतर

वाशीम जिल्ह्याच्या सहाही तालुक्यांतून आलेल्या डॉक्टर, तंत्रज्ञ मित्रांनो,

 

2018च्या पावसाळ्यात नागपूर भागात स्क्रब टायफसची साथ आली. गवताझुडपांत राहणाऱ्या बारीक किडीची अळी चावते, तिच्यातला जंतू शरीरात शिरतो आणि ताप येतो. सोयाबीनच्या शेतात राबणाऱ्या आपल्या माणसांनाही हा धोका आहेच. लक्षणं डेंग्यू-टायफॉइडसारखी. काखेत किंवा जांघेत काळी खपली असते, पण कपडे बाजूला करून पाहिल्याशिवाय ती दिसत नाही. सेफ्ट्रिअ‍ॅक्झोन हे अँटिबायोटिक कितीही दिवस टोचलं तरी या जंतूला काही होत नाही. साध्या, स्वस्त डॉक्सिसायक्लिनने मात्र बहुधा दोन दिवसांत ताप उतरतो. पण निदान झालं नाही, तर घरचे लोक महागड्या इंजेक्शनसाठी उधारी करतात आणि रुग्ण खालावत जातो. जंतूचं नाव वेळेत कळण्याची किंमत मला इथे सर्वांत स्पष्ट दिसते.

क्षयरोगात आपण हा बदल डोळ्यांनी पाहिला आहे. पूर्वी थुंकीचं कल्चर लावलं की सहा-आठ आठवडे वाट पाहायची. कोणती औषधं लागू पडत नाहीत, हे कळायला आणखी वेळ. तोवर रुग्ण नेहमीच्याच गोळ्या खात राही आणि घरात खोकत राही. जागतिक आरोग्य संघटनेने 2010 मध्ये मान्य केलेल्या सीबीनॅट चाचणीने दोन उत्तरं दोन तासांत दिली: क्षयाचा जंतू आहे का, आणि रिफॅम्पिसिन चालेल का. पुढे गोव्याच्या मोलबायो कंपनीने ट्रूनॅट यंत्र आणलं. ते बॅटरीवर चालतं, म्हणून वीज गेली तरी तालुक्याच्या ठिकाणी काम थांबत नाही.

रक्तातल्या जंतुसंसर्गाचं मात्र असं झालेलं नाही. रक्ताच्या कल्चरच्या बाटलीत जंतू वाढायला एक-दोन दिवस, औषधांची संवेदनशीलता कळायला आणखी एक-दोन. वाढलेल्या जंतूचं नाव काही मिनिटांत सांगणारी माल्डी-टॉफ यंत्रं मोठ्या शहरांत आहेत. पण 1884 पासून हाताशी असलेलं ग्रॅम स्टेनिंग आपण किती वेळा करतो? पॉझिटिव्ह बाटलीतला एक थेंब काचेवर घ्या. पाव तासात अर्धं उत्तर मिळतं.

सर्वांत जास्त नुकसान आपण स्वतः करतो. रुग्ण आमच्याकडे पोचतो तोवर त्याला दोन-तीन अँटिबायोटिक्स मिळालेली असतात. मग कल्चरमध्ये काहीच उगवत नाही आणि डॉक्टर अंदाजाने आणखी भारी औषध चढवतो. गंभीर रुग्णाचं औषध थांबवा, असं मी मुळीच म्हणत नाही. आधी रक्त काढा, लगेच पहिला डोस द्या. मध्ये पाच मिनिटंही जात नाहीत. आणि रिपोर्ट आला की औषध बदला, कमी करा, गरज नसेल तर बंद करा. रिपोर्ट फाइलला लावून तीच सलाइन चालू राहिली, तर ती तपासणी वाया गेली.

9 ऑक्टोबर 2024 रोजी वाशीमच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन झालं. त्याच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागाची दारं रात्रीही उघडी राहावीत, रिसोड-मानोऱ्याहून आलेली बाटली त्याच दिवशी लावली जावी आणि पॉझिटिव्ह निकाल फोनवर डॉक्टरच्या कानी जावा, ही माझी शासनाला कळकळीची विनंती आहे. आणि तुम्हाला विनंती अशी की, उद्या ओपीडीत बसण्यापूर्वी कल्चरच्या दोन बाटल्या इंजेक्शनच्या ट्रेशेजारी ठेवा.