सूर्य मावळला, असे कोण म्हणाले?

(कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘लेकी बोले, सुने लागे’ ही म्हण आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. सासू रागावते लेकीवर आणि बोल बसतो सुनेला. सुनेने तोंड उघडलेच, तर ‘तुला कोण काय म्हणाले?’ हा प्रश्न तयार असतो. केवळ शब्द पाहिले तर सासूचे म्हणणे खोटेही नसते! शब्द एकीकडे आणि उद्देश दुसरीकडे, ही व्यवस्था किती सोयीची असते, हे आपल्या घरांतील बायकांना तत्त्वज्ञांच्या कितीतरी आधी कळलेले होते.

तत्त्वज्ञांनीही पुढे त्याचा विचार केला. ऑक्सफर्डचे प्राध्यापक जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्ड विद्यापीठात दिलेली व्याख्याने त्यांच्या मृत्यूनंतर, १९६२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. बोलणे ही स्वतःच एक कृती असते, हा त्यांचा मुद्दा. ‘मी वचन देतो’ असे म्हणणारा मनुष्य वचनाचे वर्णन करीत नसतो, तो वचन देत असतो. त्यांचे शिष्य जॉन सर्ल यांनी १९७५ साली अप्रत्यक्ष उक्तींचा प्रश्न हाती घेतला. जेवताना शेजाऱ्याने ‘मीठ इकडे देता येईल का?’ असे विचारले आणि आपण ‘येईल’ एवढेच म्हणून जेवत राहिलो, तर लोक आपल्याला वेड्यात काढतील. माझ्या हातातील बळाची चौकशी करण्याचे याला कारण नाही, अर्थी याला मीठ हवे आहे, असा तर्क ऐकणारा नकळत करीत असतो. विवेचन मार्मिक आहे. मात्र या पंक्तीला बसलेली माणसे एकमेकांच्या बरोबरीची आहेत. कोणी कोणाचा पोशिंदा नाही.

अकराव्या शतकातील काश्मिरी पंडित मम्मट यांनी ‘काव्यप्रकाशा’त घेतलेले उदाहरण मला अधिक जवळचे वाटते. ‘सूर्य मावळला’ हे साधे वाक्य. त्यातून एकाला शत्रूवर चाल करण्याची वेळ झाली असे कळते, दुसऱ्याला संध्येची आठवण होते, तिसऱ्याला गाई घरात घ्यावयाच्या असतात, तर व्यापाऱ्याला विक्रीचा माल आवरावयाचा असतो. त्याच यादीत एक अर्थ असा आहे : आता काम थांबवू या. आपले शास्त्रीमंडळ या यादीतील अभिसारिकेपाशी जितके रेंगाळले, तितके या कामकऱ्यापाशी कधी रेंगाळले नाही. असो.

आता हेच वाक्य शेतमजूर मुकादमाला म्हणतो आहे, अशी कल्पना करा. त्याच्या बोलण्यात सुट्टीची मागणी आहे. पण मुकादम ‘मावळला खरा’ असे म्हणून उरलेल्या कामाकडे बोट दाखवू शकतो. मजुराने शब्दांनी काही मागितलेच नाही, तेव्हा त्याला काही नाकारले, असेही कोणाला म्हणता येत नाही. उलट मुकादम ‘उद्या किती माणसे लागतात, बघू’ एवढे हवेत बोलला, तरी शेवटच्या मजुरापर्यंत धमकी पोचते. दुर्बलाला आडून बोलावे लागते, कारण सरळ बोलणे त्याला महाग पडते. सबळाला आडून बोलणे सोयीचे असते, कारण प्रसंग आला की कानांवर हात ठेवता येतात. आणि न ऐकल्यासारखे करण्याची सवलत या दोघांपैकी एकालाच आहे.

कायद्याने ही गोष्ट फार उशिरा ओळखली. वरिष्ठ अधिकारी कंत्राटी नोकरीतील स्त्रीला म्हणतो, ‘तुमची मुदत मार्चअखेर संपते ना? या संध्याकाळी, निवांत बोलू.’ यातील एकही शब्द आक्षेपार्ह नाही. १९९७ साली विशाखा खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने लैंगिक छळाच्या व्याख्येत प्रत्यक्ष वर्तनाबरोबर सूचित वर्तनही घातले. २०१३ च्या कायद्याने नोकरीसंबंधीचे सूचित आमिष आणि सूचित धमकी यांचाही स्पष्ट उल्लेख केला.

न बोलण्याचीही हीच गत. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या खटल्यात उच्च न्यायालयाने दोघा पोलिसांना दोषी ठरविले होते. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडले. अंगावर जखमा नाहीत, अर्थात संमती होती, अशी ती विचारसरणी! रात्रीची वेळ, जागा पोलीस ठाण्याची, समोर गणवेशातील माणसे, यांचा हिशेब त्या अर्थनिर्णयात कोठेच धरला गेला नाही. शरण जाणे म्हणजे संमती देणे नव्हे, असे चार कायदेशिक्षकांनी १९७९ साली अनावृत पत्र लिहून न्यायालयाला सांगितले. केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असे मानता येणार नाही, हे कायद्याच्या व्याख्येत शब्दांनी लिहिले जाण्यास २०१३ साल उजाडावे लागले.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. प्रत्येक वाक्यात गर्भितार्थ शोधू लागलो, तर निरपराध माणसालाही गुन्हेगार ठरविता येईल. ‘मुदत संपते ना?’ हा खरोखरच कचेरीच्या हिशेबाचा प्रश्न असू शकेल. मग निवाडा कशावरून करावयाचा? येथे पुन्हा मम्मट उपयोगी पडतात. व्यंग्यार्थ कशामुळे कळतो, याची त्यांनी गणती केली आहे. बोलणारा कोण, ऐकणारा कोण, स्वर कसा होता, जवळ तिसरे कोण होते, प्रसंग कोणता, स्थळ कोणते आणि वेळ कोणती, हे त्यांतील मुख्य घटक. रसिकांसाठी केलेली ही यादी तक्रार लिहून घेणाऱ्या कार्यकर्त्याच्या फार कामाची आहे.

आपल्या तक्रारअर्जांत बहुधा एवढेच असते की, ‘साहेबांनी धमकी दिली.’ चौकशीत साहेब उच्चारलेले शब्द वाचून दाखवितात आणि अर्ज निकालात निघतो. तेव्हा उच्चारलेले वाक्य जसेच्या तसे लिहून घ्या. त्याच्या शेजारी ते कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणाच्या देखत उच्चारले, त्याआधी कोणते बोलणे चालले होते आणि त्या आठवड्यात कोणाचे कंत्राट संपत होते, हेही लिहा. पूर्वी असेच वाक्य आणखी कोणाला ऐकावे लागले होते काय आणि पुढे तिच्या नोकरीचे काय झाले, याचीही नोंद त्याच कागदावर करा.