मामाची घंटी



माझा मामा इथे इंदुरातच एका कापड गिरणीत हिशेबनीस होता. सकाळी भोंगा झाला की सायकल काढता काढता तो एकच पद म्हणायचा, 'मानापमान' नाटकातलं 'रवि मी'. गळा बेताचाच. अंतऱ्यात एका जागी सूर हमखास घसरायचा आणि ते झाकायला तो सायकलची घंटी वाजवायचा. आम्हां भाच्यांना कितीतरी वर्षं वाटत होतं, घंटी पदातलीच आहे!

मामा गेला त्याला आता एकवीस वर्षं झाली. भिंतीवर फोटो आहे, पण त्यातला कोट त्यानं उभ्या जन्मात एकदाच घातला होता, तोही मागून आणलेला. त्या फोटोशी माझं फारसं जमत नाही.

हे पद मामानं उचललं ते मास्टर दीनानाथ मंगेशकरांच्या तबकडीवरून. जुन्या तव्याची एक बाजू म्हणजे जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं. खाडिलकरांचं नाटक १९११ सालचं, चाली गोविंदराव टेंब्यांच्या. पण दीनानाथांनी आपल्या झेपावत्या तानांनी ते पद असं काही गायलं, की लोक ते त्यांचंच म्हणू लागले. म्हणजे पद हातोहात बदलतच आलंय. मग मामाच्या घंटीनंच काय घोडं मारलंय?

दीनानाथांची थोरली लेक लता २८ सप्टेंबर १९२९ रोजी आपल्या शिख मोहल्ल्यात जन्मली. २४ एप्रिल १९४२ला पुण्यात वडील वारले तेव्हा ती बारा वर्षांची होती. तबकडी तर सगळ्या महाराष्ट्राकडे होती; या पोरीनं मात्र ते गाणं घरात, रियाजाला बसलेल्या बापाच्या तोंडून ऐकलेलं. पुढे तिनं आणि तिच्या भावंडांनी वडिलांची पदं आपापल्या गळ्यातून गायली. मला ती ऐकताना नेहमी वाटतं, यांना आपल्याला न ऐकू येणारं आणखी काहीतरी ऐकू येत असणार. बापाचं खाकरणं, तंबोरा जुळवणं, असलं काहीतरी.

शिख मोहल्ल्यातल्या त्या घराच्या जागी आता कापडाचं दुकान आहे. मामा तिथून जाताना सायकलवरून उतरायचा.

परवा माझा नातू आंघोळ करताना 'रवि मी' गुणगुणत होता. त्यानं मामाला पाहिलेलं नाही. अंतरा आला आणि आतून बादलीवर तांब्या वाजला.

आता हेच पद आपल्याला दीनानाथांच्या आवाजात ऐकवलं जाईल. त्यात घंटी नाही, तेवढं सांभाळून घ्या.