दरबारातील नृत्य आणि समाजाची घडण

(शिरूर येथील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



घोडनदीच्या काठी बसून फ्रान्स-इटलीच्या राजवाड्यांतील नाचाची चर्चा करण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न आजच्या विषयाचे नाव वाचून आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. प्रयोजन आहे, आणि ते याच शिरूर-दौंड तालुक्यांच्या इतिहासात आहे. एखाद्या दरबारात कोण नाचतो, कोण बसून पाहतो आणि दरबार मोडल्यावर नृत्य कोणाच्या हाती उरते, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली म्हणजे त्या समाजाची घडण जितकी स्पष्ट कळते तितकी ती पुष्कळदा तहनाम्यांवरूनही कळत नाही, असे माझे मत आहे.

प्रथम युरोपचा विचार करू. पंधराव्या-सोळाव्या शतकांत तिकडील सरदारपुत्राला घोडदौड आणि तलवार यांच्या बरोबरीनेच नृत्याचे शिक्षण मिळे, कारण दरबारात त्याची पात्रता त्याच्या चालण्या-वाकण्यावरून जोखली जाई. थ्वानो आर्बो हे नाव धारण करणाऱ्या एका वृद्ध धर्मोपदेशकाने १५८९ साली गुरुशिष्यसंवादाच्या रूपात नृत्यावर ग्रंथ छापला. त्यात प्रत्येक पाऊल तालाच्या मात्रेसमोर मांडलेले आहे. ‘पावान’ नावाच्या नृत्यात जोडपी एकामागून एक संथपणे सभागृहातून फिरत. अंगावर झगा, कमरेला तलवार. ती राजेरजवाड्यांची मिरवणूकच होती. ‘गाल्यार्द’मध्ये तरुणांनी उड्यांचे कसब दाखवावे, आणि इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीने उतारवयातही हे नृत्य सोडले नाही. १५८१ साली पॅरिसच्या दरबारी विवाहसोहळ्यात जे भव्य नृत्यनाट्य झाले, त्यात फ्रान्सची राणी लुईझ स्वतः नाचली. नर्तिकांनी भूमितीच्या आकृती रचून रेखीव सुव्यवस्थेचे चित्र उभे केले. राजवाड्याबाहेर त्या दशकांत कॅथलिक व प्रॉटेस्टंट एकमेकांचे रक्त सांडत होते. देशात जी घडी बसत नव्हती ती रंगमहालात बसवून दाखवण्याचा तो प्रयत्न होता.

आपल्याकडे चित्र नेमके उलटे दिसते. पुण्याच्या दरबारात पेशवा नाचत नाही, सरदार नाचत नाही. मसनदीवर बसून पाहणे हाच मोठेपणा. शनिवारवाड्याच्या गणपती रंगमहालात गणेशोत्सवाच्या दिवसांत कलावंतिणींचे नाच होत आणि त्यांच्या बिदागीच्या रकमा दफ्तरात रीतसर जमाखर्ची पडत. घरंदाज स्त्री नाचे ती मंगळागौरीच्या रात्री, केवळ बायकांच्या मेळ्यात, झिम्मा-फुगडीच्या निमित्ताने. पुरुषांच्या सभेत नाचणारी स्त्री म्हटली की तिची जात, तिचे घर आणि तिचे भवितव्य ही तिन्ही आधीच ठरलेली असत. तमाशाच्या फडातही त्या काळी स्त्रीवेष घेऊन नाचे तो ‘नाच्या’ पोर. फ्रान्सच्या राणीला जे भूषण होते ते येथे विशिष्ट घराण्यांवर लादलेले वतन होते. लावणीची रचना करणारे मात्र निरनिराळ्या जातींतून पुढे आले: राम जोशी सोलापूरचा ब्राह्मण, होनाजी गवळी, परशराम शिंपी, सगनभाऊ मुसलमान शिकलगार. लेखणीला जी मोकळीक होती ती पायांना नव्हती. कवीचे नाव छापखान्यापर्यंत पोचले, ती लावणी अंगावर घेणाऱ्या स्त्रीचे नाव बहुधा बिदागीच्या नोंदीपलीकडे गेले नाही.

आता शिरूरचा संबंध पाहा. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीराव पेशव्याने इंग्रजांशी वसईचा तह केला आणि कमीत कमी सहा हजार पायदळाची तैनाती फौज पदरी घेतली. तिचे ठाणे याच शिरूरला पडले. त्याच काळात पुण्यात होनाजीसारख्या शाहिरांना दरबारचा आश्रय होता आणि शृंगारिक लावणी ऐन बहरात होती. पण तो बहर ज्या निर्धास्तपणावर पोसला गेला, तो निर्धास्तपणा परक्या छावणीकडून विकत घेतलेला होता. तरवार शिरूरला आणि ढोलकी पुण्याला, अशी त्या राज्याची वाटणी झाली होती. लावणीला मी याचा दोष देत नाही; दोष असला तर तो राज्यकर्त्यांचा. पुढे पंधरा वर्षांनी, ३१ डिसेंबर १८१७ च्याच रात्री, जिच्यात महार शिपाई मोठ्या संख्येने होते ती इंग्रजांची, कॅप्टन स्टाँटनची पलटण शिरूरहून निघाली आणि दुसऱ्या दिवशी भीमेकाठी कोरेगावी पेशव्याच्या फौजेशी लढली. १८१८ च्या जून महिन्यात बाजीराव इंग्रज अधिकारी मालकमच्या स्वाधीन झाला आणि सालीना आठ लाखांचे निवृत्तिवेतन घेऊन ब्रह्मावर्तास गेला.

राज्य गेले, मसनद गेली, सरंजाम आटले. परंतु नृत्य गेले नाही, कारण ते बसणाऱ्यांच्या मालकीचे कधीच नव्हते. ते गावोगावच्या जत्रांत गेले, पुण्या-मुंबईच्या थिएटरांत गेले, आणि दौंड तालुक्यातील चौफुल्याच्या कला केंद्रांत आजही नांदत आहे. शिरूरहून न्हावऱ्यावरून केडगावकडे जाणारा रस्ता जेथे सोलापूरच्या हमरस्त्याला मिळतो, तेथे संगीत बारीच्या, म्हणजे लावणी सादर करणाऱ्या गायिका-नर्तकींच्या, पार्ट्या रोज रात्री उभ्या राहतात. तेथील बैठक नीट न्याहाळली तर दरबाराची सारी मांडणी ओळखू येते. बाजूला पेटी, तबला आणि ढोलकी, समोर रसिक, नर्तकी आधी मुजरा करते. बैठकीची लावणी सुरू झाली की ती खाली बसते, स्वतः गाते आणि एकच ओळ पुनःपुन्हा घेते. पहिल्या वेळी त्या ओळीचा अर्थ भुवईत असतो, दुसऱ्या वेळी पदराच्या टोकात, तिसऱ्या वेळी नुसत्या मान वळवण्यात. शब्द तेच राहतात आणि रुसवा, विनवणी, उपहास असे भाव एकामागून एक प्रकट होतात. मग कोणी दौलतजादा करून आवडीच्या लावणीची फर्माईश करतो, आणि त्या रकमेत वादकांचा, पार्टीच्या मालकिणीचा व थिएटराचा वाटा पडतो. पूर्वी जी बिदागी दफ्तरात पडे तीच येथे हातोहात येते. आणि पाहणारा प्रतिष्ठित, नाचणारी मात्र संशयित, हा जुना न्यायही दुर्दैवाने तसाच चालत आला आहे.

श्रोतेहो, युरोपातील दरबारी नृत्य आज पुन्हा उभे करता येते ते आर्बोसारख्यांनी पावले लिहून ठेवली म्हणून. मराठ्यांच्याच तंजावरात दुसऱ्या सरफोजीराजांनी नृत्यासाठी मराठी कोरव्यांचे साहित्य रचवले आणि ते सरस्वती महाल ग्रंथालयात जतन झाले. पुण्याच्या परंपरेत लावणीचे शब्द छापून निघाले, पण अदा कागदावर उतरली नाही. ती आईकडून मुलीकडे, मावशीकडून भाचीकडे देहानेच चालत आली. वाईच्या लावणी कलावती यमुनाबाई वाईकरांना २०१२ साली पद्मश्री मिळाली तेव्हा देशाने त्या विद्येचा मान केला खरा. परंतु शंभरी ओलांडून २०१८ साली त्या निवर्तल्या, आणि अशा प्रत्येक ज्येष्ठ कलावतीबरोबर न लिहिलेला एक ग्रंथ जात असतो.

म्हणून माझी विनंती स्पष्ट आहे. शिरूर-दौंडच्या महाविद्यालयांनी, वाचनालयांनी आणि या व्याख्यानमालेनेही ज्येष्ठ कलावतींकडे विद्यार्थी पाठवावेत. त्यांची अदाकारी त्यांच्या संमतीने, त्यांच्या नावासह आणि योग्य मानधन देऊन नोंदवून घ्यावी. पुढील वर्षी या व्यासपीठावर माझ्यासारख्या बोलणाऱ्याऐवजी त्यांच्यापैकी एखादीला सन्मानाने बोलवावे, वक्त्याच्या खुर्चीवर बसवावे आणि आपण समोर बसून शिकावे. दोनशे वर्षे ज्यांनी ही विद्या जिवंत ठेवली, त्यांच्या ऋणाची फेड करण्यास याहून सरळ मार्ग नाही.