यंत्र चालवणारा कोण?



इंग्रजीत ‘रन’ नावाचं एक अगदी लहानसं क्रियापद आहे. शाळेत सुरुवातीलाच ते आपल्याला भेटतं आणि ‘रन म्हणजे धावणे’ असं वहीत लिहून आपण मोकळे होतो. पण ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशाचे संपादक अलीकडे या शब्दाची नव्यानं मांडणी करायला बसले, तेव्हा निव्वळ क्रियापद म्हणून त्याचे ६४५ अर्थ त्यांना नोंदवावे लागले. त्यापूर्वी १९८९ च्या आवृत्तीत हा मान ‘सेट’ या क्रियापदाकडे होता. त्याचे अर्थ होते ४३०. म्हणजे ‘रन’नं ‘सेट’ला चांगलंच मागं टाकलं!

हा ‘रन’ जर्मन भाषेत नेऊन सोडणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे. मी यंत्रांच्या माहितीपुस्तिका इंग्रजीतून जर्मनमध्ये आणते. शेवटचा हात फिरवायला जर्मनीतला एक जर्मन भाषक असतो, पण त्याच्याकडे जाईपर्यंत शब्दांची जबाबदारी माझी.

‘वाकडला बसून जर्मन?’ असं पाहुणे हमखास विचारतात. त्यात नवल वाटण्यासारखं काही नाही. वाकडच्या एका अंगाला हिंजवडी, दुसऱ्या अंगाला पिंपरी-चिंचवड आणि भोसरीचे लहान-मोठे कारखाने, आणि त्यापलीकडे चाकण. चाकणला २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. मर्सिडीज-बेंझही त्याच वर्षी पिंपरीहून तिकडे गेली. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आणि मॅक्सम्युल्लर भवन यांनी कितीतरी पिढ्यांना जर्मन शिकवलं. त्यामुळे आमच्या भागात जर्मन येणारा माणूस शोधायला फार लांब जावं लागत नाही.

शिवाय यामागं कायदाही आहे. युरोपीय संघाच्या २००६ च्या यंत्रविषयक निर्देशानुसार, यंत्र ज्या देशात विकलं किंवा वापरलं जाणार त्या देशाच्या भाषेत त्याची पुस्तिका द्यावी लागते. अनुवाद असेल, तर ‘मूळ सूचनांचा अनुवाद’ असं त्यावर छापावंही लागतं. या निर्देशाची जागा घेणारं नवं नियमन २०२३ मध्ये मंजूर झालं आणि ते २० जानेवारी २०२७ पासून लागू करायचं ठरलं. तेव्हा भोसरीत तयार झालेलं यंत्र जर्मनीला निघालं, की त्याच्याबरोबर जर्मन पुस्तिकाही निघते.

आता या पुस्तिकांमध्ये ‘रन’ काय काय करतो ते पाहा. मोटर रन होते, तिथं जर्मनमध्ये ‘लाउफन’. हा शब्द सोपा, कारण लाउफन म्हणजेही मुळात धावणं. पण ‘मोटर दहा मिनिटं रन करा’ म्हटलं, की ‘लाउफन लासन’, म्हणजे चालू द्या. केबल पॅनेलच्या मागून रन होते, तिथं ‘फेअरलाउफन’. तीच केबल आपण रन करायची असेल, तर ‘फेअरलेगन’. आपला इलेक्ट्रिशियन म्हणतो ‘केबल टाकायची’, तेच हे. चाचणी रन केली तर ‘डुर्शफ्यूरन’. संगणकावरचा प्रोग्रॅम रन केला तर ‘आउसफ्यूरन’. यंत्र विजेवर रन होत असेल तर ‘बेट्राइबन’. नवी गाडी सुरुवातीला जपून रन केली तर ‘आइनफारन’.

बरं, शब्द बदलला की काम संपलं, असंही नाही. या ‘फेअरलेगन’चेच आणखी अर्थ आहेत. केबल टाकणं हा एक, चष्मा कुठंतरी ठेवून विसरणं हा दुसरा आणि पुस्तक प्रकाशित करणं हा तिसरा. विसरण्याचा आणि प्रकाशनाचा अर्थ एकाच शब्दात कसा आला, हे लेखक मंडळींनी मनाला लावून घेऊ नये!

सुरुवातीला वाटतं, हे सगळं पाठ करायचं काम. पण काही वर्षं हे काम केल्यावर माझ्या लक्षात आलं, की इथं मराठी फार उपयोगी पडते. इंग्रजी ‘रन’ होणं आणि करणं यांत फरक करत नाही. यंत्र ‘रन’ होतं आणि माणूस यंत्र ‘रन’ करतो, शब्द तोच. मराठीत मात्र यंत्र चालतं आणि माणूस ते चालवतो. व्याकरणाच्या तासाला आपण याला प्रयोजक क्रियापद म्हणायचो. बसणे-बसवणे, पडणे-पाडणे, मरणे-मारणे.

गंमत म्हणजे जर्मनमध्येही अशा जोड्या आहेत आणि त्याही आपल्यासारख्याच आतला स्वर बदलून होतात. ‘फालन’ म्हणजे पडणे, ‘फेलन’ म्हणजे झाड पाडणे. ‘झित्सन’ म्हणजे बसणे, ‘झेत्सन’ म्हणजे बसवणे. ‘फारन’ म्हणजे वाहनानं जाणं किंवा वाहन चालणं, आणि त्याच्यापासून जुन्या काळी तयार झालेलं प्रयोजक रूप म्हणजे ‘फ्यूरन’. मूळ अर्थ जायला लावणं, आणि आजचा अर्थ नेणं, नेतृत्व करणं, कंपनी किंवा दुकान चालवणं. मघाशी चाचणीसाठी आणि प्रोग्रॅमसाठी जे दोन शब्द सांगितले, त्यांच्या पोटात हाच ‘फ्यूरन’ आहे. ‘डुर्शफ्यूरन’ची फोड केली तर होतं ‘पार नेणं’. आपण चाचणी ‘पार पाडतो’. किती जवळची गोष्ट!

म्हणून शिकणाऱ्या मुलांना मी सांगते, की ‘रन’ दिसला की लगेच शब्दकोश उघडू नका. आधी मराठीत विचारा, चालतंय की कुणी चालवतंय? चालवतंय, तर काय चालवतंय? अर्धा गोंधळ तिथंच मिटतो. कर्ता आणि कर्म सापडलं, की क्रियापद आपोआप जवळ येतं.

याचा व्यवहारात किती फरक पडतो, त्याचं एक साधं उदाहरण. पंपाच्या पुस्तिकेत एक सूचना असतेच, पंप कोरडा रन करू नका. आपल्या शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. विहिरीचं पाणी तुटलं आणि मोटर तशीच चालू राहिली, की काय होतं ते त्याला ठाऊक असतं. आतलं मेकॅनिकल सील पंपातल्या पाण्यानंच थंड राहतं. पाणी नसलं, की ते तापतं आणि थोड्या वेळात खराब होतं. पंप पाण्याविना चालत राहणं याला जर्मनमध्ये ‘ट्रॉकनलाउफ’ असा नेमका शब्द आहे. तिथं ‘कोरड्या जागी पंप वापरू नका’ असा अर्थ निघेल असं काही लिहिलं, तर वाचणारा पंप ओलीत नेऊन ठेवायचा!

पण श्रोतेहो, मराठीचा हा आधार एका ठिकाणी सुटतो, आणि आज मला मुख्यतः त्याबद्दल बोलायचं आहे. मराठीत कामगार मशीन चालवतो आणि मालक कारखाना चालवतो. दोघंही ‘चालवणारे’. इंग्रजीतही दोघं ‘रन’च करतात. जर्मन मात्र इथं दोन माणसं वेगळी काढते. यंत्रापुढे उभा राहून बटण दाबणारा तो ‘बेडीनर’. यंत्र ज्याच्या कारभारात आहे आणि ते सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे, तो ‘बेट्राइबर’. बेट्राइबर म्हणजे बहुधा कंपनी. जर्मन पुस्तिकेत याच्या जागी तो शब्द पडला, तर जबाबदारीच एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जाते.

मागं आपल्याच पट्ट्यातल्या एका लहान कारखान्याची पुस्तिका माझ्याकडे आली. यंत्र होतं पत्रा कापायचं प्रेस. त्यात एक वाक्य होतं. त्याचा मराठीत अर्थ असा, की यंत्र रन करणाऱ्यानं गार्डची दर सहा महिन्यांनी तपासणी करून नोंद ठेवावी. गार्ड म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून बसवलेली जाळी. वाक्य सरळ होतं, पण मी अडले. हे काम बेडीनरचं की बेट्राइबरचं?

मी फोन केला. डिझाइनमधला तरुण इंजिनिअर म्हणाला, “मॅडम, ऑपरेटरच की! मशीनवर तोच असतो.” थोड्या वेळानं प्रॉडक्शनच्या साहेबांचा फोन आला. ते म्हणाले, “छे, छे! ऑपरेटर आज आहे, उद्या नाही. हे कंपनीनं करायचं.” दोघंही आपापल्या जागी खात्रीनं बोलत होते. मी म्हटलं, “साहेब, तुम्ही आधी एकमेकांत ठरवा. मी तोवर पुढची पानं करते.”

चार दिवसांनी उत्तर आलं. एका वाक्याची दोन वाक्यं झाली होती. पाळी सुरू होताना गार्ड जागेवर आहे ना, हे बेडीनरनं पाहायचं. दर सहा महिन्यांची तपासणी जाणकार माणसाकडून करून घ्यायची आणि नोंद ठेवायची, ती बेट्राइबरनं. त्यांनी मूळ इंग्रजी पुस्तिकाही सुधारली. आणि मग साहेबांनी सहज सांगितलं, की त्यांच्या स्वतःच्या शेडमध्ये मराठी फलक आहे, त्यावरही ‘मशीन चालवणाऱ्याने गार्ड तपासावे’ एवढंच लिहिलेलं होतं. तपासणीची नोंदवही होती, पण ती कुणाकडे असायची हे कधी ठरलंच नव्हतं. तो फलक त्यांनी बदलून घेतला.

जर्मनीतल्या गिऱ्हाइकासाठी विचारलेल्या प्रश्नाचा उपयोग असा इथल्या माणसाच्या बोटांना झाला. प्रेसवर काम करणाऱ्याची बोटं म्हणजे काय, हे आमच्या भागातल्या घरांना वेगळं सांगायला नको.

आता लोक म्हणतात, हे सगळं संगणक करतो की! खरं आहे. जर्मनीतल्या कोलोन शहरातून २०१७ मध्ये डीपएल ही अनुवादसेवा सुरू झाली. तिच्यासारखी साधनं आज मीही वापरते. केबल कुठली आणि चाचणी कुठली, हे ती वाक्यावरून बहुतेक वेळा बरोबर ओळखतात आणि माझे बरेच कष्ट वाचवतात. पण ते प्रेसचं वाक्य यंत्राला दिलं, तर ते दोनांपैकी एक शब्द निवडून मोकळं होतं. कोण जबाबदार, हे त्या वाक्यात लिहिलेलंच नव्हतं. ते कारखान्यातल्या माणसांनी ठरवायचं होतं, आणि त्यासाठी कुणीतरी त्यांना फोन करायला हवा होता.

म्हणून जर्मन शिकणाऱ्या तरुण मित्रांना माझं सांगणं आहे, की शब्द भरपूर शिका, पण मूळ मजकूर लिहिणाऱ्याला प्रश्न विचारायला लाजू नका. ‘एवढंही कळत नाही का’ असं कुणी म्हणेल, म्हणू दे.

आणि जर्मनशी काही देणंघेणं नसलेल्या श्रोत्यांसाठीही एक काम आहे. आपल्या सोसायटीत, कारखान्यात, शाळेत ज्या सूचना लावलेल्या असतात, त्या एकदा निवांत वाचून पाहा. ‘पंप चालवणाऱ्याने’, ‘लिफ्ट चालवणाऱ्यांनी’, ‘वर्ग चालवणाऱ्याने’ असं जिथं दिसेल, तिथं तो कोण हे विचारा, आणि उत्तर मिळालं की त्या माणसाचं पद तिथं स्पष्ट लिहून टाका. पाटी एका ओळीनं वाढेल, तेवढी वाढू द्या.