रेनकोट : निवड आणि निगा



कोकणात लावणीच्या वेळी पाठीवर इरले असते. ते खालून मोकळे, त्यामुळे वारा खेळतो, घाम साचत नाही. प्लॅस्टिकचा रेनकोट पाणी अडवतो, पण घामही आतच ठेवतो. बांधावरून तासभर चालले की सदरा ओला होतो आणि आपण म्हणतो, कोट गळतो!

म्हणून घेताना पाठीवर किंवा काखेत हवेसाठी झडप आहे का, ते पाहावे. शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली हवी. पाणी शिरते ते बहुधा सुईच्या भोकांतून. माप थोडे मोठे घ्यावे. दुकानातच कोट घालून वाकून पाहावे. कंबर उघडी पडत असेल तर तो लावणीच्या कामाचा नाही, मग दुकानदार काहीही सांगो.

चिखल साध्या पाण्याने, मऊ फडक्याने काढावा. गरम पाणी, इस्त्री टाळावी. कोट सावलीत टांगून दोन्ही बाजूंनी सुकवावा. ओली घडी घातल्यास बुरशी धरते. कडक उन्हात प्लॅस्टिक ताठरते व घडीवर चिरते.

फवारणीला वापरलेला कोट मात्र वेगळा ठेवावा. तो धुतला तरी पावसात शाळेत जाणाऱ्या मुलाच्या अंगावर घालू नये.